‘येणार म्हणे’ : भावी संगणकांविषयीच्या वदंता व विनोद

१

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे एका टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांचे भाविक तेथे येतात. या टेकडीवर फळांची आठवण करून देणारे वाटोळे दगड विखुरलेले आढळतात. भूशास्त्राच्या दृष्टीने ते दख्खनच्या बसाल्ट खडकातील पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट वर्गाचे गोळे होत. लोककथेच्या दृष्टीने मात्र तो दोन व्यापाऱ्यांचा माल होय. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत नोंदलेली कथा अशी की, नारळ व इतर माल घेऊन जाणाऱ्या दोघा फिरत्या व्यापाऱ्यांनी या सत्पुरुषाची टवाळी केली. तेव्हा त्यांचा सर्व माल दगड होऊन पडला. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा फकिराने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते पाहून दोघेही त्याच्या सेवेत कायमचे राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच म्हणून दाखविल्या जातात.

या कथेत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : अजून न दिसलेल्या सामर्थ्याविषयीचा बोलवा, त्या बोलव्याची टवाळी आणि बाजारचा माल. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत याच तीन गोष्टी एका अगदी वेगळ्या समाजात पुन्हा एकत्र आलेल्या दिसतात. तो समाज म्हणजे घरगुती संगणकाच्या हौशी लोकांचा. येऊ घातलेल्या यंत्राविषयी वदंता पसरविणे आणि त्याच यंत्रावर विनोद करणे हा या समाजाचा नित्याचा वाग्व्यवहार आहे. या व्यवहाराकडे आजवर बहुधा बाजारपेठेच्या इतिहासातील किरकोळ गंमत म्हणून पाहिले गेले. परंतु तो एक मौखिक वाङ्मयप्रकार आहे, त्याला स्वतःचे व्याकरण आहे आणि त्याच्या चिकित्सेतून भाषेतील जबाबदारीचा एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

वदंतेविषयीचे शास्त्रीय विवेचन दुसऱ्या महायुद्धानंतर जोमाने सुरू झाले. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये असे प्रतिपादन केले की, वदंतेचा जोर हा विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. यांपैकी एक जरी शून्य असले तरी वदंता उभी राहत नाही. १९६६ मध्ये तामोत्सु शिबुतानी यांनी या भूमिकेस मुरड घातली. त्यांच्या मते वदंता ही बातमीची विकृती नसून, अधिकृत बातमी अपुरी पडते तेव्हा लोकांनी मिळून उभी केलेली तात्पुरती बातमी असते.

दोन्ही मते आपापल्या जागी ग्राह्य आहेत. तथापि दोहोंत एक उणीव राहते. वदंता म्हणजे काय सांगितले जाते याकडे त्यांचे लक्ष आहे. ते कोणत्या वाक्यरूपात सांगितले जाते याकडे नाही. त्यामुळे विनोद त्यांच्या कक्षेबाहेर पडतो. विनोद म्हणजे वदंतेवरचा उतारा, असे गृहीत धरले जाते. हौशी समाजात तसे घडत नाही. तेथे वदंता सांगणारा आणि तिची थट्टा करणारा बहुधा एकच मनुष्य असतो, आणि पुष्कळदा तो दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात करतो.

या बाबतीत मराठीचा शब्दसंग्रहच अधिक सूक्ष्म आहे. वदंता, बोलवा, आवई, भुमका, हूल, वावडी, कंडी, पिल्लू हे शब्द सामान्यतः एकाच अर्थाचे मानले जातात. परंतु ते ज्या क्रियापदांसह येतात त्यांकडे पाहिले म्हणजे त्यांतील भेद स्पष्ट होतो. बोलवा ‘होतो’, आवई ‘उठते’. तेथे कर्ता शोधण्याचे कारण पडत नाही. पिल्लू मात्र ‘सोडावे’ लागते. ते आपोआप सुटत नाही. वावडी ‘उठते’ही आणि ‘उठवितात’ही, कंडी ‘पिकते’ही आणि ‘पिकवितात’ही. वावडी म्हणजे मोठा पतंग. तो आकाशात दिसतो, पण त्याचा दोर जमिनीवर कोणाच्या तरी हातात असतो. अकर्मक व प्रयोजक क्रियापदांच्या या जोड्यांतून मराठी भाषकाने वदंतांचे वर्गीकरण आधीच करून ठेवले आहे. ते खरे-खोटेपणावरून केलेले नाही. वदंतेमागे कर्ता आहे की नाही, आणि असल्यास तो लपला आहे काय, यावरून ते केलेले आहे. पुढील चिकित्सेस हीच कसोटी लावली आहे.

३

भावी यंत्राविषयीच्या मराठी वदंतेचे मूळ वाक्य अगदी साधे असते : ‘नवे यंत्र येणार म्हणे.’ यातील शेवटचे दोन शब्द स्वतंत्रपणे तपासण्याजोगे आहेत.

‘येणार’ हे रूप लिंग, वचन व पुरुष यांनुसार बदलत नाही. तो येणार, ती येणार, ते येणार. त्याचा ऐतिहासिक संबंध ‘करणहार’ यासारख्या कर्तृवाचक रूपांशी आहे. म्हणजे मुळात ‘येणार’ हे घडणाऱ्या क्रियेचे वर्णन नसून येणाऱ्याचे विशेषण आहे. यंत्राच्या अंगी ‘येणे’ हा जणू एक गुण आहे असे ते सांगते. म्हणूनच ‘येईल’ या रूपात जी शक्यतेची छटा आहे ती ‘येणार’मध्ये उरत नाही. ‘होणार’ हा शब्द तर मराठीत प्रारब्ध या अर्थी नाम म्हणून रूढ झाला आहे. होणार ते टळत नाही, असे आपण म्हणतो. भविष्याविषयी यापेक्षा अधिक निश्चयाचे रूप मराठीत क्वचितच सापडेल.

‘म्हणे’ची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ‘म्हणे’ हे ‘म्हणणे’ या क्रियापदाचे जुन्या वर्तमानकाळाचे तृतीयपुरुषी एकवचन. पुढे या रूपाकडे रीतिभूतकाळाचा अर्थ आला. संतांच्या अभंगांतील ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ या नाममुद्रांत ते आपल्या मूळ तेजाने उभे आहे. तेथे ‘म्हणे’ला कर्ता आहे, त्याचे नाव घेतलेले आहे, आणि त्या नावाने आधीच्या सर्व चरणांची जबाबदारी स्वीकारलेली आहे. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या बोलभाषेतील ‘म्हणे’त हा कर्ता गळून पडला आहे. येथे कोण म्हणे, हे सांगितले जात नाही. किंबहुना ते सांगावे लागू नये म्हणूनच हा शब्द योजिला जातो. बोलणाऱ्याला माहिती कोठून मिळाली हे दर्शविणाऱ्या व्याकरणिक रूपांकडे रोमान याकोब्सन यांनी १९५७ मध्ये लक्ष वेधले होते. मराठीतील ‘म्हणे’ हे त्याचे घरचे उदाहरण होय. संस्कृत ‘किंवदन्ती’ या शब्दातही हेच बीज आहे. फक्त तेथे ‘काय म्हणतात?’ हा प्रश्न शब्दातच शिल्लक राहिला आहे.

तेव्हा ‘येणार म्हणे’ या दोन शब्दांत भाषेतील सर्वाधिक निश्चय आणि सर्वात कमी जबाबदारी यांची गाठ पडलेली आहे. वदंतेचे बळ या गाठीत आहे. निश्चय नसता तर कोणी ऐकले नसते, आणि जबाबदारी असती तर कोणी बोलले नसते.

आता याच वाक्यातील शेवटचा शब्द उचलून आरंभी ठेवावा : ‘म्हणे नवे यंत्र येणार!’ शब्द तेच आहेत, परंतु वाक्य वदंतेचे राहिले नाही; ते थट्टेचे झाले. ‘म्हणे विद्वान!’ किंवा ‘म्हणे मोठा व्यापारी!’ या वाक्यांत जो उपहास आहे तोच येथे आहे. वाक्यारंभी आलेला ‘म्हणे’ हा ऐकणाऱ्याचे लक्ष मजकुरावरून उचलून म्हणणाऱ्याकडे नेतो. मजकूर तसाच ठेवून ‘हे म्हणतो तरी कोण?’ असा प्रश्न तो उभा करतो. वदंता ज्या कर्त्याला झाकते त्यालाच विनोद पुन्हा पुढे ओढतो. वदंता व विनोद यांच्यातील अंतर हे विश्वास व अविश्वास यांच्यातील अंतर नव्हे. ते एका शब्दाच्या स्थलांतराएवढे आहे. ज्याला आपल्या माहितीची खात्री नाही अशा वक्त्यालाही ही सोय उपयोगी पडते. वदंता खोटी ठरल्यास ती थट्टा होती असे म्हणावयास तो मोकळा राहतो.

या व्याकरणाचा एक तिसरा विकारही लक्षात घ्यावा लागतो. ‘येणार’ला सहायक क्रियापद जोडले की ‘येणार आहे’ ही घोषणा होते. तेच सहायक भूतकाळात नेले की ‘येणार होते’ ही मृत्युवार्ता होते. न आलेल्या यंत्राचे सगळे चरित्र एवढ्यात सांगून होते.

४

या व्याकरणाच्या प्रकाशात हौशी समाजाचा इतिहास पाहता येतो. त्याचे सर्वात समृद्ध पर्व ब्रिटनमध्ये घडले. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८० मध्ये शंभर पौंडांहून किंचित कमी किमतीत झेडएक्स ८० आणला. १९८१ मध्ये झेडएक्स ८१ आणि एप्रिल १९८२ मध्ये स्पेक्ट्रम हे संगणक त्यामागून आले. अशा रीतीने संगणक ही मध्यमवर्गीय घरातील वस्तू झाली. त्यानंतर १२ जानेवारी १९८४ रोजी याच कंपनीने ३९९ पौंडांच्या ‘क्यूएल’ची घोषणा केली, तेव्हा अठ्ठावीस दिवसांत घरपोच यंत्र देण्याचे आश्वासन जाहिरातीत होते. पहिली थोडी यंत्रे ग्राहकांच्या हाती पडली तेव्हा एप्रिल संपत आला होता. आणि त्यांच्या मूळ आज्ञावलीचा एक भाग आत मावला नव्हता म्हणून पाठीमागे स्वतंत्र डबी जोडून दिलेली होती. ‘अठ्ठावीस दिवस’ हा जाहिरातीतील शब्द साहजिकच थट्टेचा झाला. येथे विनोदाने नवे काही रचले नाही. कंपनीचेच शब्द त्याने जसेच्या तसे परत उच्चारले.

मम्मटाने व्याजस्तुतीचे दोन प्रकार मानले आहेत : निंदेच्या मिषाने स्तुती आणि स्तुतीच्या मिषाने निंदा. जाहिरातीतील स्तुती अक्षरशः पुन्हा म्हणून दाखविणे हा दुसरा प्रकार झाला. हौशी समाजाच्या विनोदात पहिला प्रकारही तितकाच महत्त्वाचा आहे. कमोडोर कंपनीचे एप्रिल १९९४ मध्ये दिवाळे निघाल्यावर तिच्या अमिगा संगणकाचे हक्क १९९५ मध्ये एस्कॉम या जर्मन कंपनीकडे आणि १९९७ मध्ये गेटवे या अमेरिकन कंपनीकडे गेले. मधल्या काळात १९९६ मध्ये ‘वॉकर’ नावाचा एक नमुना दाखविण्यात आला. तो घर झाडण्याच्या विद्युत्‌यंत्रासारखा दिसतो अशी त्याची टर उडाली, आणि तो बाजारात आलाच नाही. ‘आणखी दोन आठवडे’ हे शब्द अमिगाच्या हौशींत कायमचे विनोदपद झाले. परंतु ही थट्टा करणारे लोक अमिगाला सोडून गेलेले नव्हते. सोडून गेलेल्यांना थट्टा करण्याचे कारणच उरत नाही. वरवर निंदा करणारा हा विनोद आतून निष्ठेची खूण होता. गिरडच्या कथेतील टवाळ व्यापारीच शेवटी टेकडीवर राहिले, हे येथे आठवावे.

सिंक्लेअरच्याच घरातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. स्पेक्ट्रमचा थोरला वारस म्हणून ‘लोकी’ या सांकेतिक नावाच्या यंत्राची वार्ता १९८६ मध्ये ब्रिटिश संगणक-मासिकातून प्रसिद्ध झाली. लोकी हा उत्तर युरोपातील पुराणकथांमधला कपटी, रूपे पालटणारा देव. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ॲमस्ट्रॅड कंपनीने ५० लक्ष पौंडांना विकत घेतला आणि लोकी ‘येणार होता’ या काळात गेला. नावाची निवड करणाऱ्यांनी आपल्या यंत्रावरचा विनोद स्वतःच आधी करून ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

वदंतेचे सामर्थ्य सिद्ध करण्यासाठी ॲडम ऑस्बर्न यांची कथा नेहमी सांगितली जाते. तिरुवण्णामलई येथे बालपण गेलेल्या या गृहस्थांनी १९८१ मध्ये हातात धरून नेता येणारा संगणक अमेरिकेत विक्रीस आणला. १९८३ मध्ये पुढील यंत्राची चर्चा आधीच केल्यामुळे चालू यंत्राची मागणी आटली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले, अशी ती कथा आहे. तिला ‘ऑस्बर्न परिणाम’ असे नावही मिळाले. परंतु प्रतिस्पर्धी यंत्रांची चढाओढ व कंपनीच्या अंतर्गत व्यवहारांतील गोंधळ ही कारणे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिली आहेत. तेव्हा वदंतेने कंपनी बुडविली ही हकीकतच एक दंतकथा ठरण्याचा संभव मोठा. तिची लोकप्रियता मात्र अर्थपूर्ण आहे. बोललेल्या शब्दाने माल मातीमोल होतो या श्रद्धेला ती आधुनिक दाखला पुरविते, आणि गिरडच्या कथेचा गाभाही तोच आहे.

५

भारतातील परिस्थिती या सर्वांहून भिन्न होती. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाखाली सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या संगणक-धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली. त्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. ज्या काळात ब्रिटनमधील हौशी लोक स्पेक्ट्रमच्या न जन्मलेल्या वारसाची थट्टा करीत होते, त्याच सुमारास भारतातील घरांत मूळ स्पेक्ट्रम नवा म्हणून प्रवेश करीत होता. एका प्रदेशातील ‘येणार’ हे दुसऱ्या प्रदेशातील ‘येऊन गेले’ असते. वदंतेच्या अभ्यासात काळाइतकेच स्थळाचेही भान ठेवावे लागते, ते यामुळे.

या अंतराचा परिणाम वदंतेच्या विषयावर झाला. ब्रिटनमधील वदंता यंत्राच्या अंतरंगाविषयी असे : स्मृती किती, रंग किती, ध्वनी कसा. भारतीय वदंतेचा नायक मात्र किमतीचा आकडा झाला. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी कल्पिलेला ‘सिम्प्युटर’ सुमारे नऊ हजार रुपयांत सामान्य माणसाच्या हाती येईल अशी वार्ता २००१ च्या सुमारास जगभर गाजली. २००४ मध्ये तो प्रत्यक्ष विक्रीस आला, परंतु त्याची विक्री अपेक्षेच्या मानाने फारच थोडी झाली. पुढे आकडा आणखी खाली आला. दहा डॉलरच्या, म्हणजे सुमारे पाचशे रुपयांच्या, लॅपटॉपची बातमी देशभर पसरली. आणि ३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपती येथे जे उपकरण दाखविण्यात आले ते लॅपटॉप नसून अभ्याससाहित्य साठविण्याचे साधन निघाले. जुलै २०१० मध्ये पस्तीस डॉलरच्या यंत्राचा नमुना केंद्रीय मंत्र्यांनी दाखविला. हे यंत्र भारतीय विद्यार्थ्यासाठी होते. तरी त्याची ओळख डॉलरच्या आकड्याने झाली. वाक्य कोणाला उद्देशून उच्चारले आहे हे कधीकधी त्यातील चलनावरून कळते.

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ या टॅबलेटचे प्रकाशन झाले. डेटाविंड या कंपनीकडून एक लक्ष नगांची पहिली खरेदी ठरली होती व प्रत्येक नगाची किंमत २,२७६ रुपये होती. सात इंची पडदा, २५६ मेगाबाइट स्मृती आणि ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक असे त्याचे स्वरूप होते. पडद्यास बोटाचा हलका स्पर्श कळत नसे, तो दाबावा लागे. यंत्राच्या दर्जाविषयी तक्रारी झाल्या, कसोट्यांविषयी वाद झाला, आणि २०१२ मध्ये प्रकल्पाची सूत्रे मुंबईच्या आयआयटीकडे आली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबर रोजी अधिक वेगवान ‘आकाश २’ राष्ट्रपतींच्या हस्ते प्रकाशित झाले. परंतु देशातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असे यंत्र देण्याचे मूळ चित्र प्रत्यक्षात उतरले नाही.

या यंत्राचे नाव भारतीय भाषांना विनोदासाठी अनायासे मिळालेले होते. न्यायशास्त्रात नसलेल्या वस्तूचा दाखला म्हणून आकाशपुष्प किंवा खपुष्प घेण्याची परंपरा आहे. मराठीत अत्यानंद झालेल्यास आकाश ठेंगणे होते. नाव देणाऱ्याने उंचीचा अर्थ योजिला. भाषेने त्याच शब्दात पोकळीचा अर्थ आधीच ठेवलेला होता. असा विनोद कोणा एकाच्या बुद्धीचा नसतो. तो कोशातच पडून असतो आणि प्रसंग आला की आपोआप उठतो.

तथापि येथे चिकित्सकाने सावध झाले पाहिजे. ‘म्हणे’ची जागा बदलणे ही क्रिया दोन वेगवेगळ्या स्थानांवरून होऊ शकते. ज्याच्या घरी दुसरे यंत्र आहे त्याने ‘म्हणे आकाश!’ असे म्हणणे आणि ज्याने पैसे भरून वाट पाहिली त्याने तेच म्हणणे, यांत शब्दांचा फरक नसला तरी अर्थाचा आहे. पहिल्या वक्त्याचे काही गेलेले नसते. त्याचा विनोद म्हणणाऱ्यावर रोखलेला दिसला तरी तो पुष्कळदा ऐकणाऱ्यावर पडतो : एवढ्या किमतीत यंत्र मिळेल यावर विश्वास ठेवणारा तो भोळा, असा त्याचा ध्वनी असतो. दुसऱ्या वक्त्याचा विनोद हा मात्र हिशेब असतो. गिरडसारख्या गावात राहून तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला स्वस्त यंत्र हवे असणे हा भोळेपणा नव्हता. ती गरज होती. ऑलपोर्ट व पोस्टमन यांच्या सूत्रातील ‘विषयाचे महत्त्व’ हा घटक सर्वांसाठी सारखा नसतो. ज्याला वस्तूची गरज अधिक, त्याच्यापाशी वदंता अधिक काळ टिकते; म्हणून वदंता टिकण्याचा दोष ऐकणाऱ्याच्या बुद्धीला देणे हे न्यायाचे नाही. हौशी समाजाच्या विनोदाची पुष्कळशी प्रशंसा झाली आहे. त्यातील ही क्रूरता मात्र नजरेआड राहिली आहे.

६

सार्वजनिक वचन वदंतेच्या व्याकरणात न पडता देता येते, याचेही उदाहरण आहे. वर्धा जिल्ह्याशी ज्यांचे नाव पुढे कायमचे जोडले गेले त्या गांधीजींच्या प्रेरणेने १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. या संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे बक्षीस जाहीर केले. हेही घरोघरी जावयाचे एक स्वस्त यंत्रच होते. परंतु जाहीर करणाऱ्यांनी यंत्र येणार असे सांगितले नाही. यंत्र कसे असले पाहिजे ते सांगितले : ते हलके असावे, खेड्यातील घरात हाताने वा पायाने चालविता यावे, त्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, आणि दुरुस्तीसह ते वीस वर्षे टिकावे. किर्लोस्करवाडीत तयार झालेल्या यंत्रासह कोणतीही रचना या अटींस उतरली नाही आणि बक्षीस दिले गेले नाही.

यंत्राच्या दृष्टीने हे अपयश होते. भाषेच्या दृष्टीने नव्हते. येथे वाक्याचा कर्ता प्रकट होता, कसोटी आधी सांगितली होती, आणि कसोटीस न उतरल्यास काय होणार हेही ठरलेले होते. ‘येणार’च्या जागी येथे ‘असावे’ हे विध्यर्थी रूप होते. २००९ ची घोषणा आणि १९२९ ची घोषणा यांतील भेद हा तंत्रज्ञानाच्या ऐंशी वर्षांचा नसून या दोन क्रियारूपांचा आहे. स्वस्त यंत्राचे स्वप्न पाहणे हा दोष नव्हे. अट सांगण्याऐवजी आगमन सांगणे हा दोष होय.

७

आता मूळ कथेकडे परत जाता येईल. गिरडच्या कथेत वस्तू आहे आणि घटना नाही : दगड कोणालाही हातात घेऊन पाहता येतात, त्यांच्या उत्पत्तीची हकीकत मात्र श्रद्धेवर सोपविलेली आहे. भावी यंत्राच्या वदंतेत घटना आहे आणि वस्तू नाही : घोषणा झाली, तिथी नोंदली गेली, छायाचित्रे निघाली; यंत्र तेवढे हाती आले नाही. दोन्ही ठिकाणी वस्तू व शब्द यांच्यामधील पोकळी कथनाने भरून काढली जाते. परंतु लोककथेत एक प्रामाणिकपणा आहे, आणि तो या दुसऱ्या कथनात सापडत नाही. टवाळी कोणी केली ते तेथे ठाऊक आहे, शब्द खरा कोणी केला ते ठाऊक आहे, ज्यांचे नुकसान झाले त्यांना नवा माल मिळाला आहे, आणि बोललेल्या शब्दाचे परिणाम ज्याचे त्याला भोगावे लागले आहेत. वाळलेल्या पानांपासून का होईना, भरपाई झाल्यावाचून कथा संपत नाही.

हौशी समाजाच्या विनोदाचे वाङ्मयीन मूल्यही याच कसोटीवर ठरते. जो विनोद ‘म्हणे’ला त्याचा हरवलेला कर्ता परत देतो, तो वदंतेची खरी समीक्षा होय. जो विनोद कर्त्याला तसाच सोडून ऐकणाऱ्याच्या आशेला हसतो, तो वदंतेचाच धाकटा भाऊ. मराठी भाषकाला या दोहोंत निवड करण्यासाठी वेगळे शास्त्र शिकावे लागत नाही. ‘यंत्र येणार म्हणे’ हे वाक्य ऐकताच ‘कोण म्हणे?’ असे विचारण्याची सोय त्याच्या व्याकरणात आहे. आणि त्या प्रश्नास नाव घेऊन उत्तर देण्याची ‘तुका म्हणे’ ही रीतही त्याच भाषेत शतकांपूर्वी रूढ झालेली आहे.